अटक व्हायला आलेल्या बाई

पोलीस ठाण्याची पायरी माणूस कायद्यावरचा विश्वास घेऊन चढतो, असं वाक्य मी माझ्या निरोपसमारंभात बोललो होतो. टाळ्या पडल्या. वाक्य माझंच असल्यामुळे त्यात खोट काढणं बरं दिसत नाही. पण ते बोलत असतानाही मला एक बाई आठवत होत्या. त्या आमची पायरी चढल्या तेव्हा त्यांच्या कापडी पिशवीत दोन साड्या, एक टॉवेल, रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी आणि दंतमंजनाची डबी होती. विश्वास असलाच तर तळाशी असावा. पिशवीचा पंचनामा केला नाही, त्यामुळे खात्रीनं सांगता येत नाही.

शतक बदलून पाच-सहा वर्षं झाली होती. मी कोल्हापुरात एका पेठेतल्या ठाण्याचा निरीक्षक होतो. सोमवारची हजेरी संपली, बंदोबस्ताची वाटणी झाली आणि मी आठवड्याच्या तपासाचे कागद पुढे ओढले, एवढ्यात आमचे जुने हवालदार आत आले. कशाचंच नवल न वाटणं हा त्यांचा गुण होता.

"साहेब, एक बाई आल्यात भाईर."

"तक्रार काय?"

"तक्रार न्हाय. अटक व्हायला आल्यात."

"कशात?"

"ते तुमास्नी म्हाईत असंल, म्हणत्यात."

बाई पन्नाशीच्या पुढच्या, किरकोळ बांध्याच्या, साडीला स्टार्च. त्या आत आल्या तसा कोपऱ्यात बसलेला आमचा राइटर, म्हणजे ठाण्याचं लिखापढीचं काम बघणारा शिपाई, ताडकन उभा राहिला. माझ्यासाठी तो इतक्या चपळाईनं कधी उभा राहिल्याचं स्मरत नाही. पेठेत पंचवीस वर्षं टायपिंग इन्स्टिट्यूट चालवणाऱ्या या त्याच्या बाई होत्या. जिल्ह्यातल्या निम्म्या कचेऱ्यांतल्या कारकुनांची बोटं त्यांनी वळवली होती. त्यांनी राइटरला खाली बसायला सांगितलं आणि पाठ सरळ ठेव म्हणाल्या. त्यानं ठेवली.

मग त्यांनी माझ्यापुढे एक नोटीस ठेवली. इंग्रजीत, तीन पानं. वर तराजूचं चित्र, खाली जांभळ्या शाईचा भलामोठा गोल शिक्का. कराराचा भंग केल्याबद्दल दंड भरावा, न भरल्यास शुक्रवारी सकाळी अकरा वाजता स्थानिक पोलिसांमार्फत अटक वॉरंट बजावण्यात येईल. पुढे आमच्या ठाण्याचं नाव. नोटीस वाचून मी खुर्चीत जरा सावरून बसलो, हे कबूल केलं पाहिजे. आपल्याला कल्पना नसताना आपल्यावर कुणीतरी काम सोपवलं आहे, असा संशय पोलीस खात्यात नेहमीच येतो आणि बहुधा तो खरा असतो.

"शुक्रवारी गर्दी नको म्हणून आजच आले," बाई म्हणाल्या. "इन्स्टिट्यूटच्या दारातून नेलं असतं तर पोरी घाबरल्या असत्या."

हकिगत अशी. कॉम्प्युटर आल्यापासून टाईपरायटर शिकायला कुणी येईना. बाईंनी मशिनं बाजूला सारून चार कॉम्प्युटर घेतले. त्याच सुमारास वर्तमानपत्रात छोटी जाहिरात आली: इंटरनेटवर काम, घरबसल्या उत्पन्न. स्टेशन रोडवर काचेच्या दाराचं ऑफिस होतं. तिथं डिपॉझिट भरायचं, करारावर सही करायची, मग एक सीडी मिळायची. सीडीत छापील इंग्रजी पानांचे फोटो. ती पानं टाईप करायची, नेट कॅफेत जाऊन कंपनीच्या वेबसाईटवर चढवायची आणि पैशाची वाट बघायची. काम अमेरिकेतल्या क्लायंटचं, असं सांगितलं होतं. अट एकच, पानात दोनपेक्षा जास्त चुका असल्या तर पान बाद.

बाईंनी हाताखालच्या सहा पोरींना कामाला लावलं. चार महिने काम चाललं. नेट कॅफेत तासाचे पैसे चालू असायचे आणि फाईल अर्ध्यात अडकून बसायची, तरी त्यांनी दर आठवड्याची पानं वेळेत चढवली. शेवटी वेबसाईटवर निकाल आला तो लाल अक्षरांत, एकूण एक पान बाद. कारण दिलं होतं, जादा अक्षरं. आठवड्याभरात ही नोटीस.

"मी सगळी पानं परत तपासली," त्या म्हणाल्या. "दोनदा. चूक सापडत नाही. मग वाटायला लागलं, मला आता चूक दिसतच नसेल."

पंचवीस वर्षं दुसऱ्याच्या चुकांभोवती लाल गोल काढणाऱ्या माणसानं हे म्हणावं, याकडे मी लक्ष द्यायला हवं होतं. दिलं नाही. मी त्यांना सांगितलं की करार तुम्ही केला, सही तुमची, ही दिवाणी बाब आहे, वकिलाला भेटा. 'दिवाणी बाब' हे दोन शब्द आमच्याकडे दाराच्या कडीसारखे वापरतात. त्यानं गुन्हा मिटत नाही, पण समोरचा माणूस बाहेर जातो.

बाई बाहेर गेल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "म्हणजे शुक्रवारीच येऊ का?" आणि उत्तराची वाट न बघता व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसल्या. दुपारी मी जेवून आलो तेव्हा त्या तिथंच होत्या. पिशवी मांडीवर, आणि पिशवीवर दहाही बोटं हलत होती. टाईप करत होत्या. काय, ते मी विचारलं नाही.

विचारलं ते हवालदारांनी. तेव्हा कळलं की बाईंना खरी काळजी स्वतःची नव्हतीच. कोडोलीचा त्यांचा एक जुना विद्यार्थी होता. तीस-बत्तीस वर्षांचा, दोन लहान मुलं. बाईंनीच त्याला या कामाचं सांगितलं, म्हणून त्यानं मागाहून म्हैस विकून कॉम्प्युटर घेतला आणि स्वतंत्र करार केला. त्याचीही सगळी पानं बाद झाली होती. शनिवारी तो पन्हाळ्याला जाऊन येतो म्हणून मोटारसायकलवरून गेला, तो परतलाच नव्हता. त्याच्या बायकोला आज सकाळी गादीखाली नोटीस सापडली आणि तिनं बाईंना फोन केला. बाई पिशवी भरून थेट आमच्याकडे आल्या होत्या.

"मला आत घेतलं तर त्याचं नाव गळेल, असं वाटलं," त्या म्हणाल्या. "त्याला मीच सांगितलं होतं ना."

आता ती दिवाणी बाब राहिली नाही. मी पन्हाळ्याला फोन लावला. त्यांनी चौकशी करून पंधरा मिनिटांत उलट फोन केला. त्या नंबरची मोटारसायकल तटाच्या कडेला लावलेली आहे, कालपासून जागची हललेली नाही, मालक आसपास नाही.

पन्हाळ्याच्या तटाखाली दरी आहे, आणि त्या दरीत काय सापडतं ते कोल्हापूर जिल्ह्यात नोकरी केलेल्या कुठल्याही पोलिसाला सांगावं लागत नाही. मी जीप काढायला सांगितली. बाई पिशवी घेऊन आधीच जीपजवळ उभ्या होत्या. तुम्ही घरी जा म्हणालो तर म्हणाल्या, "मी तुमच्या ताब्यात आहे. मला सोडून कसं जाल?" कायद्याचं इतकं चुकीचं आणि इतकं सोयीचं ज्ञान मी फार कमी लोकांत पाहिलं आहे. त्यांना मागे बसवलं. घाट चढेपर्यंत त्यांची बोटं चालू होती.

तटाखालची जागा ओळखणारे दोन गावकरी घेऊन आम्ही तासभर उतारावर फिरलो. झुडपं, बाटल्या, पोरांनी फेकलेली कणसं. हवालदार पुढे होते. त्यांनी खालून एक चप्पल वर आणली, डाव्या पायाची, अंगठा तुटलेली. मी ती बाईंपुढे धरली. सकाळी त्यांनी नोटीस पुढे ठेवली त्याच वेळी मी आणखी एक प्रश्न विचारला असता, तर तीन तास वाचले असते, एवढंच डोक्यात होतं.

बाईंनी चप्पल नीट पाहिली. "त्याची नाही. तो बूट घालतो. माझ्याकडे चप्पल चालत नव्हती."

आणखी माणसं मागावीत म्हणून आम्ही तहसील कचेरीकडे निघालो. कचेरीच्या आवारात शिरताना बाई एकदम थांबल्या. मला वाटलं, चक्कर आली. त्यांनी हात वर करून आम्हाला गप्प राहायला सांगितलं. इमारतीच्या पलीकडून टाईपरायटरचा आवाज येत होता.

"हा हात माझ्याकडचा आहे," त्या म्हणाल्या. थोडं ऐकलं. "करंगळी कच्ची आहे. तोच आहे."

तो तोच होता. झाडाखाली खोक्यावर जुनं मशीन मांडून कुणाचा तरी सात-बाराचा अर्ज बडवत होता. समोर टोपी घातलेला एक म्हातारा उकिडवा बसला होता. खाकी कपडे बघितल्यावर त्यानं कागद सावकाश मशीनमधून काढला आणि म्हाताऱ्याला म्हणाला, "पावणं, ऱ्हायलेला अर्ज दुसऱ्याकडनं करून घ्या. आमाला न्ह्यायला आल्यात."

तो तीन दिवस पन्हाळ्यात एका नातेवाइकाकडे राहून अर्ज टाईप करत होता. पेट्रोल वाचवायला मोटारसायकल लावून टाकलेली. घरी का कळवलं नाही, असं हवालदारांनी जरा जोरातच विचारलं.

"काय कळवू? म्हैस गेली, आता मीबी जातो म्हणून?" तो म्हणाला. "दंड भराय पैसं नगोत व्हय? इंटरनेटवर मिळंनात. हितं अर्जाला दहा रुपयं तरी मिळत्यात की."

बाई त्याच्याकडे बघत होत्या. मला वाटलं, त्या रडतील. त्यांनी त्याला कशीबशी एकच गोष्ट विचारली: "करंगळी अजून तशीच?" त्यानं मान खाली घातली. मग त्या खोक्याच्या कडेवर बसल्या आणि बराच वेळ पदरानं चष्मा पुसत राहिल्या.

प्रकरण सुटलं ते त्यानंतरच्या पाच मिनिटांत, आणि त्यात माझा वाटा बघ्याचा होता. त्याच्याजवळ पिशवीत कंपनीच्या सीडीतली पानं होती. मशीनवर शिकलेली माणसं पडद्यावर बघून टाईप करत नाहीत. त्यांना शेजारी कागद लागतो, म्हणून त्यानं सगळी पानं छापून घेतली होती. बाईंनी ती सवयीनं हातात घेतली, सवयीनं तपासायला लागल्या आणि तिसऱ्या पानावर थांबल्या. पुढचं पान पाहिलं. त्याच्या पुढचं पाहिलं.

बाईंच्या इन्स्टिट्यूटचा एक रिवाज होता. पान संपलं की खाली डाव्या कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरं टाकायची. आधी बाईंची दोन आद्याक्षरं, मग तिरकी रेघ, मग टाईप करणाऱ्याची दोन. ढिगातलं कुठलंही पान उचलावं आणि ते कुणाचं आहे हे न विचारता कळावं, यासाठी. पंचवीस वर्षांत हे इतकं अंगवळणी पडलं होतं की कंपनीच्या कामातही सहा पोरींनी प्रत्येक पानाखाली ती अक्षरं टाकली होती, आणि तपासताना ती बाईंच्या नजरेत चूक म्हणून आलीच नाहीत. ती पानाचाच भाग होती.

आता तीच अक्षरं या पानांखाली होती. अमेरिकेतल्या क्लायंटनं कोडोलीच्या माणसाला पाठवलेल्या पानांखाली.

"हे आमच्या पोरीचं पान आहे," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "हे दुसरीचं. बाद केलेली पानं आहेत ही."

मी त्याला विचारलं, हे तुझ्या लक्षात आलं नाही?

"आलं की. मीबी ती अक्षरं तशीच टाईप केली. म्हटलं, अमेरिकेतबी बाईंचाच रिवाज असंल."

दुसऱ्या दिवशी स्टेशन रोडच्या ऑफिसातल्या एजंटाला चौकशीला बोलावलं. टाय लावून, चामडी बॅग घेऊन आला आणि बसायच्या आधी एका वकिलाचं कार्ड टेबलावर ठेवलं. मी त्याला चहा दिला. आरडाओरडा करून माणूस बोलता होतो, हा सिनेमाचा समज आहे. ज्यानं खोटं पाठ केलेलं असतं त्याला ते पूर्ण म्हणू द्यावं, कारण पाठांतराला शेवट असतो. याचं पाठांतर इंग्रजीत सुरू झालं. ग्लोबल, प्रोसेस, क्वालिटी, क्लायंट. मी मान हलवत राहिलो. शेवटी एक पान पुढे केलं.

"हा मजकूर कुठून आला?"

"अमेरिकेतून. क्लायंटनं पाठवला."

"आणि खाली ही अक्षरं?"

त्यानं वाकून पाहिलं. माझी खात्री आहे, पहिल्यांदाच पाहिलं. "तो क्लायंटचा कोड असतो सर."

मी राइटरला हाक मारली आणि कोड वाचायला सांगितला. राइटर म्हणाला, "पहिली दोन आमच्या बाईंची. माझ्या सरावाच्या वहीतबी हायत. घरात हाय ती, आणू काय?"

एजंटानं टायची गाठ सैल केली. माणूस खरं बोलायला लागतो तेव्हा त्याची भाषा गावाकडे निघते, हे मी अनेकदा पाहिलं आहे. हा इंग्रजीतून हिंदीत आला, हिंदीतून पुस्तकी मराठीत आणि पाचेक मिनिटांत पुरता घरी पोचला. "मीबी पैसं भरल्यात की साहेब. माझीबी पानं बाद झालती. मला तर पहिली नोटीस आल्ती." दहा माणसं आणून दे, नोटीस मागे घेतो, असा निरोप त्याला आला होता. त्यानं दहा आणली, मग अकरावा, मग काचेचं दार बसवलं. स्वतःची नोटीस अजून त्याच्या ड्रॉवरमध्ये होती. त्याची अवस्था कीव येण्यासारखी होती आणि मी त्याला अटक केली.

गुन्हा नोंदवला, कलम चारशे वीस आणि बनावट दस्तऐवजाची कलमं लावली. एजंटानं दिलेल्या पत्त्यावर त्याच दिवशी एक पथक परगावी गेलं. कंपनी म्हणजे दोन खोल्या, एक स्कॅनर, एक प्रिंटर आणि एक माणूस. तो एकानं चढवलेली पानं छापायचा, त्यांचे फोटो काढून सीडी करायचा आणि दुसऱ्याला नवं काम म्हणून द्यायचा. अमेरिका नव्हती, क्लायंट नव्हता, कुणाला काही टाईप करून हवंच नव्हतं. जप्त केलेल्या मुद्देमालात तो गोल शिक्काही होता. पंचनाम्यासाठी भिंगातून वाचला तर त्यावर कुठल्याही न्यायालयाचं नाव नव्हतं. कंपनीचंच नाव गोलाकार दोनदा कोरलेलं होतं. त्या शिक्क्याची नोटीस सोमवारी दुपारपर्यंत माझ्या टेबलावर होती आणि मी सावरून बसलो होतो.

मालकाला बुधवारी आणलं. 'जादा अक्षरं' हे कारण कसं काढलं, हे मी त्याला मुद्दाम विचारलं. तो म्हणाला, कारणं पाच होती, आळीपाळीनं टाकायचो. पानं तपासायचं कुणी नव्हतंच.

हे मी बाईंना सांगितलं. मला वाटलं होतं, ऐकून बरं वाटेल. त्यांचे डोळे शाबूत होते, चूक नव्हती, असलीच तर तीच आमच्या कामाला आली. पण त्या खचल्यासारख्या झाल्या.

"म्हणजे चार महिने एकाही पानावर कुणी नजर टाकली नाही?" त्या म्हणाल्या. फसवणूक त्यांनी सहन केली होती. पान न वाचता बाद करणारा माणूस जगात असतो, हे त्यांना सहन होत नव्हतं.

या केसनं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. काम मिळवण्यासाठी पैसे भरावे लागत असतील तर ते काम नव्हे, हे आता कुणीही सांगेल. तेव्हा ते माहीत नव्हतं, कारण नोकरीसाठी कुठंतरी काहीतरी भरावं लागतं याची आपल्याकडे सवय होती. इंटरनेटवर काम देणाऱ्याला एक प्रश्न विचारायला हवा होता: हे टाईप केलेलं शेवटी वाचणार कोण? तो प्रश्न बाईंनी विचारला नाही, कोडोलीच्या माणसानं विचारला नाही, आणि नोटीस हातात असताना मीही विचारला नाही. पुढे असल्या तक्रारी वाढत गेल्या. यंत्रं बदलली, पण ठकवणाऱ्याचं भांडवल बदललेलं मला दिसलं नाही. त्याला कॉम्प्युटर फारसा येत नसतो. माणसाला लाज केव्हा वाटते आणि शिक्का बघून तो वाचायचं केव्हा थांबवतो, एवढं त्याला येतं. पोलिसानं नवं तंत्रज्ञान शिकलं पाहिजे, असं मी त्यानंतर अनेक बैठकांत ठासून सांगितलं. सगळ्यांनी मान हलवली.

डिपॉझिटं कुणाला धड परत मिळाली नाहीत. खटला माझ्या दोन बदल्या होईपर्यंत चालला. कोडोलीचा माणूस पन्हाळ्यालाच अर्ज टाईप करत राहिला.

शुक्रवारी सकाळी पावणेअकराला बाई पुन्हा ठाण्यात आल्या. पिशवी घेऊन. मालक कोठडीत आहे, नोटीस खोटी आहे, हे त्यांना मी स्वतः सांगितलं होतं आणि त्यांना ते पटलंही होतं. "तारीख दिलेली आहे ना," एवढंच म्हणाल्या आणि बाकावर बसल्या. त्यांना जा म्हणायचं धाडस हवालदारांनाही झालं नाही. राइटरनं चहा नेऊन दिला. अकरा वाजले. त्यांनी पिशवीतून टॉवेल काढून तळहात पुसले आणि दाराकडे बघत राहिल्या. बारा वाजले. एक वाजता त्या उठल्या, घड्याळ पाहिलं, मला म्हणाल्या, "नाही आलं कोणी," आणि घरी गेल्या.

टॉवेल बाकावरच राहिला. मी बदलून जाईपर्यंत तो आमच्या ठाण्याच्या कॉम्प्युटरवर झाकलेला होता.